आल्या, झोपल्या, गेल्या

प्रश्न : पाडव्यानंतरच्या शनिवार-रविवारी मी, हे आणि दहा वर्षांचा मुलगा असे तिघं सोलापूरहून पुण्याला माझ्या आत्याकडे जाणार आहोत. आत्या ७६ वर्षांची. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे फारशी खाली उतरत नाही. तिच्यावर कामाचा भार नको म्हणून हे म्हणतात, लॉजवर उतरू आणि तिला भेटून येऊ. मला ते बरं वाटत नाही. मुलाला पुणंही दाखवायचंय. दोन दिवसांत काय बसेल? आणि तिच्यासाठी काय न्यावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी लॉज रद्द करा. मग पुढचं वाचा.

हे मी सल्लागार म्हणून सांगत नाही, मावशी म्हणून सांगते. मी नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहते, माझा उजवा गुडघा कुरकुरतो. गेल्या वर्षी याच दिवसांत माझी भाची नवरा-मुलांसह आली. सकाळी आठला बाहेर पडायची. सिंहगड, शनिवारवाडा, पर्वती, फर्ग्युसन रस्ता. जेवण बाहेर. रात्री साडेदहाला बेल. दोन्ही दिवस गाद्यांच्या घड्या नीट घातलेल्या, चार ओले टॉवेल दोरीवर ओळीने. निघताना म्हणाली, “मावशी, तुला काही त्रास दिला नाही ना आम्ही?” खरंच नाही दिला. मी शुक्रवारीच किलोभर चक्का आणून ठेवला होता. सोमवारी त्याचं श्रीखंड शेजाऱ्यांनी खाल्लं.

तेव्हा तुमच्या आत्याला त्रास द्या. फक्त बसल्या जागेवरून देता येईल असा द्या. चैत्र आहे, बाजारात कैऱ्या आल्यात. शुक्रवारी फोन करून सांगा, “आत्या, शनिवारी सकाळी दोन वाट्या हरभऱ्याची डाळ भिजत घालून ठेव, मला तुझ्या हातची आंब्याची डाळ शिकायचीय.” तुम्हाला येत असली तरी सांगा. तिला खुर्चीत बसवा, वाटायचं काम तुम्ही करा, कैरी मुलाला किसायला द्या. तिची बोलणी खा. मिक्सर थांबत थांबत दोनदाच फिरवायचा, डाळ भरड राहिली पाहिजे, पीठ झालं की संपलं. हिंग, हळद, मोहरीची फोडणी गार झाल्यावरच घालायची, असं ती म्हणाली तर हो म्हणा. गरमच घालायची म्हणाली तरी हो म्हणा. आमच्या घरात या एका मुद्द्यावर दोन जावा आठ दिवस बोलत नव्हत्या. उरलेल्या कैऱ्या उकडून पन्हं करून ठेवा, त्यात गूळच घाला. चैत्रगौर बसवत असेल तर शेजारणींना हळदीकुंकवाला बोलवायचं काम तुमच्याकडे घ्या. जिने तुम्ही चढा-उतरा.

दुपारी जेवण झालं की ती आडवी होईल. तेवढा वेळ मुलासाठी राखून ठेवा आणि शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघून या. दिनकर केळकरांचा मुलगा राजा सातव्या वर्षी गेला, त्याच्या आठवणीत त्यांनी हा संग्रह उभा केला. १९७५ मध्ये तो सरकारला देऊन टाकला. दिवे, वाद्यं, कोरीव दरवाजे आहेत. पण मुलाला अडकित्त्यांच्या कपाटापाशी थांबवा. सुपारी कातरायच्या वस्तूवर माणसं किती डोकं चालवायची ते बघू दे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बघा आणि परत फिरा. आतला वाडा १८२८च्या आगीत गेला, राहिली ती जोती. सिंहगड पुढच्या खेपेला.

येताना सकाळची हुतात्मा धरा. सोलापूरच्या ज्या चार हुतात्म्यांवरून गाडीचं नाव पडलं, त्यांचे पुतळे मुलाने चौकात पाहिले असतील. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी मात्र पुण्यातच, येरवड्याच्या तुरुंगात १२ जानेवारी १९३१ला झाली. गाडीत सांगायला चार तास आहेत. स्टेशनवरून मेट्रोने सिव्हिल कोर्टला या, तिथे गाडी बदलून मंडईला उतरा. सिव्हिल कोर्टला पुलावरच्या फलाटावरून पार जमिनीच्या पोटात जावं लागतं, सामान बेताचंच ठेवा.

आता महत्त्वाचं. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत आत्याला खाली उतरवा. ती नको म्हणेल. आमच्याकडे पहिला नको धरायचा नसतो, दुसरा धरायचा. प्रत्येक मजल्याच्या वळणावर एक स्टूल आधीच नेऊन ठेवा, ती दम खाईल. रिक्षाने मंडई, तिथून लिफ्टने खाली. भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाला सप्टेंबर २०२४ मध्ये. जन्मभर मंडईतून भाजी आणलेल्या बायका अजून त्या मंडईखालून गेलेल्या नाहीत, त्यात मीही परवापर्यंत होते. सिव्हिल कोर्टला गाडी बदलून वनाझच्या बाजूला डेक्कनपर्यंत जा. तो सगळा रस्ता मुठेच्या काठाने उंचावरून आहे. तिला खिडकीशी उभं करू नका, बसवा. आणि कुठे काय होतं ते तिला सांगू द्या.

न्यायला शेंगाची चटणी आणा. कडक भाकऱ्याही आणा, ताकात कुस्करून खाईल. चादर आणू नका. पुण्यातल्या प्रत्येक कपाटात तीन सोलापुरी चादरी घडीच्या पडून आहेत आणि त्या सगळ्या भाच्यांनीच आणलेल्या आहेत.

प्रश्न : साताऱ्याहून बहिणीकडे बुधवार पेठेत दोन दिवस मुक्कामाला येतोय. स्वतःची चारचाकी आणावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नको. एसटीने स्वारगेटला या, मंडई मेट्रोचं एकच स्टेशन पुढे. पेठांतल्या पुष्कळ रस्त्यांवर सम तारखेला एका बाजूला गाडी लावायची असते, विषम तारखेला दुसऱ्या. म्हणजे शनिवारी लावलेली रविवारी हलवायची. गप्पा रंगात आल्या, दाजींनी दुसरा चहा ओतला, की खालून हाक येते, “ती पांढरी गाडी कुणाची?”