दोघं भावंडं एकाच शाळेत घालताय ना, मग हे ऐका

भाऊ, शाळा निवडली, चांगलं झालं, पण फी भरून मोकळे होऊ नका. आमचा मोठा आणि धाकटी दोघं चोपड्याकडच्या एकाच शाळेत शिकले, मोठ्याला सायन्सच्या सरांनी शाळेतली मोटर उघडायला दिली न् तो पुढे आयटीआय करून लाईनला लागला. धाकटीला सगळे "दादासारखी हो" म्हणायचे, बाईंनी ते थांबवलं, तिला भाषणाला उभं केलं, आज ती वकिली करतेय. म्हणून पहिल्याच पालकसभेत सरांना सांगा की दोघांची तुलना नको, हे फार महत्त्वाचं आहे.

केळीची कापणी असली तरी सभेला जाच, वहिनींनाही न्या. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, तिथे नाव द्या. आणि अशाच शाळांतल्या पोरांसाठी असलेली आठवीतली एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा चुकवू नका, उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि पोरगं पास होऊन निवड यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात, मोठ्याने दिली असेल तर धाकट्याची तयारी त्यालाच घेऊ द्या.