राजमुद्रा नव्हे, लांछन!

नाशिकच्या एका वाचकाने विचारलंय: ऑक्सफर्ड शहराच्या ढालीवर जे चित्र असतं त्याला ‘राजमुद्रा’ म्हणावं का, आणि त्यातला बैल कशाचं प्रतीक?

राजमुद्रा मुळीच म्हणू नये. हल्ली कडं काढून मध्ये काहीही रंगवलं की झाली राजमुद्रा. गाडीच्या काचेवर तीच, हॉटेलच्या पाटीवर तीच. अहो, मुद्रा म्हणजे शिक्का. तो कागदावर उमटतो, हुकूम खरा ठरवतो. शिवरायांच्या अष्टकोनी मुद्रेत चित्र नाहीच, नुसती अक्षरं आहेत. नाशिकरोडला मुद्रांक छापले जातात. निदान नाशिककराला तरी हे सांगावं लागू नये.

‘कुलचिन्ह’ सुचवणारे पंडितही आहेत. शहराला कुळ कुठलं? ‘बोधचिन्ह’ संमेलनाला ठीक, दर खेपेला नवं.

खरा शब्द घरातच पडून आहे: लांछन. दचकू नका. संस्कृतात लांछन म्हणजे खूण, ओळख. बदामीच्या चालुक्यांचे ताम्रपट आपलं वराहलांछन दिमाखात मिरवतात: ते नारायणाच्या प्रसादाने मिळालं आणि नुसतं दिसलं तरी बाकीचे राजे वश व्हायचे! युरोपात ढाली अशा रंगू लागल्या त्या त्यानंतर काही शतकांनी, 12व्या शतकात.

मग शब्द बदनाम कसा झाला? कोशवाले ‘अर्थापकर्ष’, म्हणजे शब्दाचा अर्थ खालावला, एवढं म्हणून हात झटकतात. हे काय उत्तर झालं? माझ्या मते सगळा दोष चंद्राचा. शशलांछन, मृगलांछन ही त्याचीच नावं. अंगावरचा ससा किंवा हरीण ही त्याची ओळख, पण ती पडली काळी. कवींनी तिला कलंक म्हटलं आणि ती संगत लांछनाला भोवली. ससा सूर्यावर असता तर ‘लांछनास्पद’ म्हणून आज सत्कार झाले असते.

जैनांनी मात्र हा शब्द स्वच्छ राखला. प्रत्येक तीर्थंकराचं लांछन ठरलेलं: महावीरांचा सिंह, पार्श्वनाथांचा सर्प आणि मांगीतुंगीला ज्यांची 108 फुटी मूर्ती आहे त्या ऋषभदेवांचा बैल.

हो, बैल राहिलाच. ऑक्सफर्डचा बैल ना कष्टाचं प्रतीक, ना समृद्धीचं. बैल नदी ओलांडतात तो उतार, एवढाच त्या गावाच्या नावाचा अर्थ. म्हणून ढालीवर पाण्यातून चाललेला लाल बैल. निव्वळ नावावरची कोटी. हाच नियम नाशिकला लावला तर ढालीवर शूर्पणखेचं कापलेलं नाक येईल, आणि मग ते लांछन दोन्ही अर्थांनी!