वाचकांचे प्रश्न: फाउंड्रीतला पसारा आणि एआयची मदत

प्रश्न: फाउंड्री या भूमिका-खेळ (आरपीजी) चालवायच्या सॉफ्टवेअरमधल्या माझ्या वर्ल्डमध्ये (एका खेळाच्या सगळ्या नोंदींच्या साठ्यात) ३०० ॲक्टर, म्हणजे पात्रं, एकाच यादीत पडले आहेत. सगळी नावं एआय चॅटबॉटला देऊन फोल्डर पाडून मागितले. उत्तर नीटनेटकं आलं, पण मोजलं तर नावं २८१च. ‘पहारेकरी’ नावाचे सहा जण एक होऊन बसले, शिवाय मी न सांगितलेले चार फोल्डर उगवले. पुन्हा करताना काय बदलू?

उत्तर: एआयला नावांवर काम करू देऊ नका, आयडीवर करू द्या. फाउंड्रीत प्रत्येक ॲक्टरला १६ अक्षरांचा आयडी असतो. साइडबारमध्ये तो दिसत नाही, म्हणून आधी एक स्क्रिप्ट मॅक्रो (फाउंड्रीत चालणारा छोटा प्रोग्राम) हवा. त्याने दर ओळीत आयडी, नाव, प्रकार आणि त्या ॲक्टरचं टोकन (सोंगटी) ज्या सीनवर (नकाशावर) ठेवलंय त्या सीनचं नाव एवढंच छापायचं. हा मॅक्रो एआयच लिहून देईल, मात्र फाउंड्रीची आवृत्ती सांगा. न सांगितल्यास बरेचदा जुना कोड मिळतो. आवृत्ती १० मध्ये कोडमधला ‘डेटा’ हा थर जाऊन ‘सिस्टिम’ आला, त्यामुळे जुन्या पद्धतीचा कोड आज अडखळतो. सीनचं नाव वगळू नका. सहा पहारेकऱ्यांपैकी कोण बंदरावरचा आणि कोण किल्ल्यातला, हे नावावरून माणसालाही कळणार नाही.

फोल्डर तुम्ही ठरवा, आठ ते दहा पुरेत, आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. त्यात ‘ठरत नाही’ असा एक असूच द्या. तो नसला की मॉडेल प्रत्येकाला कुठेतरी कोंबतं, आणि ती चूक ऐन सत्रात उघडी पडते. विभागणी पात्रांच्या जातींवरून करण्याचा मोह होतो. आमचं मत उलट आहे. खेळ चालू असताना तुम्ही ‘ठाण्यावरचे लोक’ शोधता, ‘मानव’ शोधत नाही. ठिकाण किंवा प्रकरण हीच पहिली पायरी ठेवा.

यादी ५०-५० ओळींच्या तुकड्यांत द्या. उत्तरात फक्त आयडी आणि फोल्डरचा क्रमांक मागा, नाव नको. लांब यादी पुन्हा लिहिताना मॉडेल मधल्या ओळी गाळतं, सारखी नावं एकत्र करतं. तुमचे १९ जण तिथेच हरवले. ५० गेले तर ५० आले का, एखादा आयडी दोनदा आहे का, तुमच्या यादीत नसलेला कुठला आलाय का, या तिन्ही गोष्टी मॅक्रोकडून तपासा. एआयला ‘मोजून बघ’ म्हटलं तर ते खुशाल ‘बरोबर आहे’ म्हणेल.

मग वर्ल्डचा बॅकअप, आणि त्यानंतरच हलवाहलव. आधी वरचे फोल्डर तयार करा, मग त्यांच्या आतले. वरचा नसेल तर आतल्याला जोडायला जागा नसते. फोल्डर एकाच प्रकारच्या नोंदींचा असतो, त्यामुळे ॲक्टरच्या फोल्डरमध्ये जर्नल (टिपणांची नोंद) जात नाही. जुने फोल्डर काढताना दोन पर्याय येतात. एक फक्त फोल्डर काढतो, दुसरा आतल्या नोंदींसकट. घाईत दुसरा दाबला जातो, बॅकअप त्यासाठीच.

जर्नलमधल्या लिंकांची काळजी नको. त्या आयडीवर चालतात, फोल्डर बदलल्याने तुटत नाहीत.

प्रश्न: तसंच एआयकडून चित्रांच्या फायलींचेही फोल्डर लावून घेतले. आता निम्मे टोकन कोरे दिसतात. लिंका तुटत नाहीत ना?

उत्तर: नोंदींच्या तुटत नाहीत, फायलींच्या तुटतात. ॲक्टरमध्ये चित्र नसतं, चित्राचा पत्ता अक्षरांत लिहिलेला असतो. फाइल हलली की तो पत्ता खोटा पडतो. शिवाय पत्ता तीन जागी असतो: ॲक्टरचं चित्र, त्याचं मूळ टोकन (ज्यावरून नवी टोकनं बनतात), आणि सीनवर आधीच ठेवलेलं प्रत्येक टोकन. मूळ टोकन दुरुस्त केलं म्हणून सीनवरचं बदलत नाही.

एआयने जुना पत्ता आणि नवा पत्ता अशी जोडयादी दिली असेल तर त्यावरून तिन्ही जागा बदलणारा मॅक्रो करता येतो. यादी नसेल तर फायली जुन्या जागी परत ठेवणंच स्वस्त. नावं बदलली असतील तर इंग्रजी अक्षरं लहान की मोठी (स्मॉल-कॅपिटल) ते तपासा: विंडोजवर फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरवर ती वेगळी फाइल ठरते.

प्रश्न: फोल्डर लावल्यावरही वर्ल्ड उघडायला तेवढाच वेळ लागतो.

उत्तर: लागणारच. फोल्डर म्हणजे नुसती चिठ्ठी. वर्ल्डमधल्या नोंदी उघडताना सगळ्या लोड होतात. न लागणारे ॲक्टर कंपेंडियममध्ये (नोंदी बाजूला साठवायच्या कपाटात) टाका, तिथली फक्त अनुक्रमणिका लोड होते. आवृत्ती ११ पासून कंपेंडियमच्या आतही फोल्डर करता येतात. मात्र ज्यांची टोकनं सीनवर आहेत त्यांना वर्ल्डमधून काढू नका, टोकन पोरकं होतं.

प्रश्न: खेळाडूंना माझ्या फोल्डरांची नावं दिसतात का?

उत्तर: आतली एखादी नोंद त्यांना दिसत असेल तर फोल्डरचं नावही दिसतं. ‘राणीचे छुपे हेर’ या फोल्डरमध्ये त्यांच्या ओळखीचा खानावळवाला ठेवलात की भांडं फुटलं. एआय अशी नावं आवडीने सुचवतं, म्हणून नाव ठेवण्याचं काम त्याला देऊच नका. फोल्डरवरून दिलेली मालकी (नोंद बघण्या-बदलण्याची परवानगी) त्या क्षणी आत असलेल्यांनाच लागते, नंतर टाकलेल्यांना वेगळी द्यावी लागते.