वडिलांच्या जुन्या ड्रमसेटचा निळा स्पार्कल हिरवट पडतोय, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडील पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्यांचा साठच्या दशकातला सेट राजारामपुरीतल्या घरी हॉलमध्ये खिडकीशी मांडलाय, एका बाजूनं निळ्याचा हिरवा झालाय, आणि ओळखीचा एक पेंटर रबिंग कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) मारून द्यायला तयार आहे. मी कोल्हापुरातच जुने ड्रम दुरुस्त करतो. त्या पेंटरला आधी थांबवा.

तुमचा निळा बहुतेक उडालेला नाही. ड्रमच्या अंगावर प्लॅस्टिकचं आवरण चिकटवलेलं असतं, त्याला रॅप म्हणतात. त्यात चमकीच्या, म्हणजे स्पार्कलच्या, वर पारदर्शक प्लॅस्टिकचा थर असतो, तो पिवळा पडलाय. निळ्यावर पिवळं चढलं की हिरवं दिसणारच. पांढरा पर्ल, म्हणजे मोत्यासारखा दिसणारा रॅप, क्रीम रंगाचा होतो तो याच कारणानं. गुलाबी किंवा लाल स्पार्कलचं वेगळं, तिथं रंगच उडतो. खात्री करायची तर आतून स्क्रू सोडवून एखादा लग (पान ताणायचे बोल्ट ज्यात बसतात तो ड्रमच्या अंगावरचा धातूचा तुकडा) उचलून बघा, खाली मूळ रंग सापडेल. कंपनीचा बॅज मात्र उचकटू नका, तो पुन्हा तसा बसत नाही.

हा फरक धरून ठेवा, कारण उपाय त्यावर ठरतो. रंग उडतो तो मुख्यतः उजेडानं. पिवळेपणा उजेडानं वाढतोच, पण उष्णतेनं अंधारातसुद्धा वाढतो. म्हणून ‘चादर टाकून माळ्यावर ठेवतो’ हा आपल्याकडचा ठरलेला उपाय अर्धाच. एप्रिलात पत्र्याखालचा माळा कसा तापतो ते तुम्हाला सांगायला नको. खालच्या मजल्यावरची, पश्चिमेचं ऊन न लागणारी आतली खोली सगळ्यात बरी.

हॉलमध्येच ठेवायचा असेल तर खिडकीपासून लांब, आणि जाड पडदा. साध्या काचेतून अतिनील किरणांचा मोठा भाग आत येतो. गाड्यांना फिल्म लावणाऱ्यांकडून यूव्ही फिल्म लावून घेतलीत तर तो बराच थांबेल, पण रंग साध्या उजेडानंही उडतो, त्यामुळे फिल्म लावली म्हणून पडदा काढू नका. दिवे एलईडी ठेवा.

आता कापराची गोष्ट. त्या काळातलं बरंच रॅप सेल्युलॉइडचं असायचं, ग्रेच या अमेरिकन ड्रम कंपनीचं नायट्रॉन त्यातलंच, आणि सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. कोपऱ्यात बोटानं जोरात घासून वास घ्या. कापराचा वास आला तर दोन गोष्टी पाळा. हे प्लॅस्टिक पटकन पेट घेतं, त्यामुळे हीट गन, वेल्डिंग, सिगारेट जवळ नको. खंडेनवमीला पूजा कराच, पण दिवा-उदबत्ती लांब आणि हळदकुंकू स्टँडच्या लोखंडाला लावा, शेलला, म्हणजे ड्रमच्या लाकडी अंगाला, नको. दुसरं, हवाबंद पिशवीत गुंडाळू नका. या प्लॅस्टिकमधून हळूहळू आम्लाचे वायू सुटतात, ते आत कोंडले की रॅप आणखी लवकर सडतं आणि क्रोमही खराब होतं. त्यात आपला जून ते सप्टेंबरचा पाऊस, म्हणजे आत बुरशी आणि लाकूड फुगणं आलंच. धुतलेली, कांजी न केलेली सुती चादर पुरते. रेक्झिनचं कव्हर अंगाला लागून महिनोन् महिने राहिलं तर डाग सोडतं.

पुसायला कोमट पाण्यात थेंबभर सौम्य साबण, कापड घट्ट पिळून, मग कोरडं कापड. थिनर, स्पिरिट, अमोनियाचा काच-क्लीनर अजिबात नको. मिरवणुकीतला गुलाल आधी कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. पाणी लागलं की त्याचा रंग विरघळून रॅपच्या जोडात उतरतो. कारच्या वॅक्सनं चमक येते, धूळ कमी धरते, एवढंच. डब्यावर यूव्हीबद्दल काहीही छापलेलं असो.

रबिंगनं पिवळा थर थोडा निघतोही, हे खरं. पण वरचं प्लॅस्टिक पातळ असतं, मशीन लावलं तर तापतं, आणि एकदा खरवडलेलं परत येत नाही. फारच वाटलं तर प्लॅस्टिकचं बारीक पॉलिश हातानं, तेही लगखाली झाकल्या जाणाऱ्या जागेवर आधी. मी तुमच्या जागी असतो तर हिरवा तसाच ठेवला असता. जुन्या सेटची पारख असलेला माणूस मूळ रॅपला किंमत देतो. नवीन रॅप मारून ‘शोरूमसारखा’ केलेल्या सेटला तो भाव मिळत नाही.