नसेतले २६ लाख तंतू गेले कुठे?

प्रश्न : गर्भातल्या बाळाच्या ऑप्टिक नर्व्हमध्ये (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत) मोठ्या माणसाच्या तिप्पट तंतू असतात, असं वर्गात ऐकलं. मग बाकीचे जातात कुठे? हा आजार नाही का?

उत्तर : आजार नाही. गर्भाच्या १६-१७ व्या आठवड्यात या नसेत साधारण ३७ लाख तंतू मोजले गेले आहेत. ३० व्या आठवड्याच्या सुमारास ते ११ लाखांवर येतात. मोठेपणीही साधारण तेवढेच असतात. एक तंतू म्हणजे रेटिनातली (डोळ्याच्या आतल्या पडद्यातली) एक गँग्लियन पेशी, म्हणजे मेंदूकडे संदेश नेणारी पेशी. या पेशी आधी भरमसाट तयार होतात, मेंदूकडे तंतू धाडतात आणि ज्यांचा तिथे जम बसत नाही त्या मरतात. जगण्याचे संदेश तुटले की बॅक्स हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या) बाहेरच्या आवरणाला भोकं पाडतं, आतलं सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडतं, पेशी आतून कापणारी कॅस्पेज विकरं कामाला लागतात. सूज येत नाही. उरलेले तुकडे मायक्रोग्लिया या सफाई करणाऱ्या पेशी गिळतात.

जगण्याचे हे संदेश म्हणजे बीडीएनएफ (चेतापेशींना जगवणारं एक प्रथिन), असं पुस्तकं एका ओळीत सांगून मोकळी होतात. ते अपुरं आहे. बीडीएनएफचं जनुक काढलेल्या उंदरांतही गँग्लियन पेशी शेवटी जवळपास नेहमीएवढ्याच उरतात. बॅक्स काढलं तर मात्र त्या दुपटीच्या घरात जातात. जास्त पेशी म्हणजे जास्त चांगली नजर, असंही नाही : मेलॅनॉप्सिन हे उजेड टिपणारं प्रथिन असलेल्या गँग्लियन पेशी मेल्या नाहीत तर त्यांचे पुंजके होतात, आणि रॉड-कोन (उजेड टिपणाऱ्या मुख्य पेशी) शाबूत असूनही त्या रॉड-कोनमार्फत शरीराचं घड्याळ उजेडाशी नीट जुळत नाही.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पात नवजात घुशीच्या (लॅब रॅट) रेटिनात ट्युनेल (तुटलेला डीएनए चमकवून मरणाऱ्या पेशी दाखवणारी चाचणी) केलं. शंभरात एखादीच पेशी चमकते. मग 'निम्म्या मरतात' हे खरं कसं?

उत्तर : मेलेली पेशी काही तासांत साफ होते, म्हणून स्लाइडवर दिसतो तो फक्त त्या घडीचा हिशेब. सफाईला ३ तास लागतात असं धरा. मग एका वेळी १ टक्का म्हणजे दिवसाला ८ टक्के, आणि ८ दिवसांनी ५१ टक्केच पेशी उरतात. म्हणून एकच वय घेऊन निष्कर्ष काढू नका. जन्मापासून दहाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड नमुने घ्या.

डोळा काढल्याबरोबर ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये टाका; उशीर झाला की खोट्या खुणा वाढतात. रेटिनाचा एक पातळ काप डीएनए तोडणारं डीएनेज लावून (सगळं चमकायला हवं) आणि एक, चमकती खूण जोडणाऱ्या टीडीटी विकराशिवाय (काहीच चमकू नये) ठेवा. ट्युनेल नेक्रोसिसलाही (इजेने होणाऱ्या पेशीमृत्यूलाही) चमकतं, त्यामुळे कापलेल्या, म्हणजे कामाला लागलेल्या कॅस्पेज-३ ची अँटिबॉडी जोडीला हवीच. सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेगळाच : घुशीच्या गँग्लियन थरात जवळपास निम्म्या पेशी अमॅक्राइन या वेगळ्याच जातीच्या असतात. आरबीपीएमएससारखी फक्त गँग्लियन पेशी ओळखणारी खूण न लावता मोजलंत तर आकडा भलत्याच पेशींचा येतो.

प्रश्न : अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाहुलीवर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं, ते काय?

उत्तर : गर्भात भिंगाला रक्त पुरवणारं जाळं. तेही पेशीमृत्यूनेच विरतं. २७-२८ व्या आठवड्यात ते भिंगाचा पुढचा भाग झाकून असतं, ३४ व्या आठवड्यापर्यंत कडेला थोडे धागे उरतात. बाळाच्या वयाचा अंदाज बांधायला डॉक्टर त्याचा उपयोग करतात. पूर्ण दिवसांच्या बाळात दाट पडदा किंवा पांढरी बाहुली दिसली तर मात्र नेत्रतज्ज्ञाला लगेच दाखवा.