‘शोध लागला’ म्हणतात, मग वस्तू कुठंय? : वाचकांचे प्रश्न

यावेळी प्रश्नांचा ढीग पडलाय आणि गंमत म्हणजे अर्ध्याहून जास्त लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलंय, की बाई गं, रोज बातमीत शोध लागतो तो पुढे जातो कुठे. म्हणून यावेळी फक्त तसलेच प्रश्न घेतलेत. ब्लॅक होलवाले थोडं थांबा.

ताई, गेली दहा वर्षं मी वाचतोय की पाच मिनिटांत चार्ज होणारी, दहापट टिकणारी बॅटरी ‘तयार’ झाली. माझा फोन रात्री आठला मरतो. हे लोक खोटं बोलतात का?

खोटं नाही बोलत हो, पण जे बोलत नाहीत ना त्यात सगळी गोम आहे. लॅबमधली ‘नवी बॅटरी’ म्हणजे बहुतेक वेळा कॉइन सेल, घड्याळात असतो तसा, शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा, कुणीतरी हाताने एकेक थर रचून दाबून बंद केलेला. त्यात लिथियम गरजेच्या कितीतरी पट भरलेलं असतं आणि इलेक्ट्रोलाइट, म्हणजे लिथियमला इकडून तिकडे नेणारा द्रव, तर अक्षरशः ओतलेला. त्यामुळे दर चार्जिंगला थोडं लिथियम वाया गेलं तरी पत्ताच लागत नाही, मागचा साठा गुपचूप भरपाई करतो आणि ग्राफ मस्त सपाट दिसतो. फोनच्या बॅटरीत असली चैन नसते, तिथे एकेक ग्रॅम मोजलेला.

आता एक हिशोब करून बघा, मोबाइलवरच करा. समजा दर सायकलला ९९.९ टक्के लिथियम परत कामाला येतं. ऐकायला भारी वाटतं ना? पण ०.९९९ चा हजारावा घात काढला की येतात ०.३७, म्हणजे हजार चार्जिंगनंतर ३७ टक्के उरलं, बॅटरी कचऱ्यात. ९९.९८ टक्के असेल तर हजारानंतर ८२ टक्के उरतं, ते चालतं. म्हणजे सगळा खेळ दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या आकड्यात आहे, आणि तो आकडा बातमीत कधीच नसतो, बातमीत असतो ‘दहापट’.

ते दहापट येतं कुठून तेही सांगते. आत्ताच्या बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असतं, ते ग्रॅममागे जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-अवर साठवतं. सिलिकॉन साधारण ३६०० साठवतं. झालं, दहापट! फक्त लिथियम आत शिरलं की सिलिकॉन फुगून तिप्पट-चौपट होतं, बाहेर आलं की आक्रसतं, आणि असं शंभरदा केलं की त्याचा भुगा होतो. शिवाय दहापट झाली ती एकच बाजू, दुसरी बाजू, पत्रे, डबा, सगळं होतं तेवढंच राहिलं, मग अख्ख्या बॅटरीचा फायदा दहापट कसा होईल?

पण काहीच झालं नाही असंही नाही बरं का. १९९१ साली सोनीने पहिली लिथियम-आयन बाजारात आणली तेव्हा किलोला ८० वॉट-अवरच्या आसपास साठवायची, आता चांगले सेल २५० च्या वर जातात. तिप्पट झालंच की, आणि सिलिकॉनसुद्धा चिमूटभर ग्राफाइटमध्ये मिसळून कित्येक बॅटऱ्यांत आलंय. फक्त दरवर्षी थोडं थोडं झालं आणि थोड्याची बातमी होत नाही. आणि खरं सांगू का, दरम्यान स्क्रीन मोठा झाला, प्रोसेसर खादाड झाला, वाढलेलं सगळं त्यांनी खाल्लं.

ते एलके-९९ चं काय झालं शेवटी? सगळे नाचत होते आणि मग एकदम चिडीचूप.

वा, माझा आवडता विषय. जुलै २०२३, दक्षिण कोरियातल्या एका टीमने अर्काइव्ह या वेबसाइटवर प्रीप्रिंट, म्हणजे अजून कुणी न तपासलेला पेपर, टाकला, की शिसं, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि थोडं तांबं असलेला एक पदार्थ, तोच एलके-९९, नेहमीच्या तापमानाला, नेहमीच्या दाबाला सुपरकंडक्टर होतो. सोबत व्हिडिओ, चुंबकावर एक काळा तुकडा अर्धवट तरंगतोय, एक टोक टेकलेलंच. रेसिपी इतकी सोपी होती की जगभर लोक भट्ट्या पेटवून बसले.

सुपरकंडक्टर म्हणायला दोन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात, एक म्हणजे रेझिस्टन्स खरंच शून्य आणि दुसरं म्हणजे पदार्थाने चुंबकीय क्षेत्र आतून हाकलून देणं. एलके-९९ मध्ये रेझिस्टन्स धाडकन खाली यायचा, साधारण १०४ अंश सेल्सियसला. इलिनॉय विद्यापीठातले केमिस्ट प्रशांत जैन यांना तो आकडा बघूनच खटकलं, कारण कॉपर सल्फाइड बरोब्बर त्याच तापमानाला आपली रचना बदलतं आणि त्याचा रेझिस्टन्स कोसळतो. आणि ती रेसिपी केली की कॉपर सल्फाइड तयार होतंच, कचरा म्हणून. म्हणजे मोजत होते तो कचरा! तरंगण्याचंही तसंच, साध्या चुंबकत्वाने तो तुकडा असा कलता उभा राहू शकतो हे बाकीच्यांनी दाखवलं. मग श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत कॉपर सल्फाइड अजिबात नसलेले शुद्ध क्रिस्टल वाढवले, तर निघाले काय, जांभळट, पारदर्शक आणि चक्क इन्सुलेटर, म्हणजे वीज जाऊच न देणारे. सगळं मिळून जेमतेम महिनाभर.

मी हसत नाहीये हं त्यांना. मी काही वर्षं टेस्टिंगमध्ये काढलीत, एकदा आमच्याकडे एका सॅम्पलचा रेझिस्टन्स शून्य आला, अर्धा दिवस आम्ही हवेत, मग एकाने टेबल पुसताना बघितलं तर व्होल्टेज मोजायची वायरच निघून लोंबकळत होती. वायर नाही तर व्होल्टेज नाही, व्होल्टेज नाही तर रेझिस्टन्स शून्य, मशीन बिचारं खरंच बोलत होतं. फरक इतकाच की आम्ही कुणाला सांगायच्या आत टेबल पुसलं.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रिपोर्टमध्ये प्रीप्रिंटचा संदर्भ दिला तर चालेल का? पिअर रिव्ह्यू झालेलंच घ्या असं सर म्हणतात.

सरांचं ऐक, मार्क त्यांच्या हातात आहेत. पण पिअर रिव्ह्यू म्हणजे दोन-तीन जाणकारांनी पेपर वाचला, शंका विचारल्या. प्रयोग कुणी परत करून बघत नाही. रूम टेम्परेचर सुपरकंडक्टरचेच दोन पेपर, रंगा डायस यांच्या रोचेस्टर विद्यापीठातल्या टीमचे, खुद्द ‘नेचर’मध्ये आले होते, एक २०२० चा आणि एक मार्च २०२३ चा, आणि दोन्ही मागे घेतले गेले, पहिला २०२२ ला आणि दुसरा २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. तेव्हा शिक्का बघ, पण त्यासोबत दुसऱ्या कुठल्या लॅबला तेच जमलं का हेही शोध. प्रीप्रिंट वापरलास तर तसं स्पष्ट लिही आणि नंतर छापून आलेली आवृत्ती आहे का ते बघ, कधीकधी मधल्या काळात आकडे बदललेले असतात.

फ्यूजनमधून घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली. मग अडलंय काय?

‘घातली’ या शब्दात अडलंय. फ्यूजन म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं एकमेकांत जोडून ऊर्जा काढणं. ५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबमध्ये १९२ लेझर मिरीच्या दाण्याएवढ्या गोळीवर रोखले, लेझरची ऊर्जा २.०५ मेगाज्यूल, बाहेर आली ३.१५. हे खरंच ऐतिहासिक आहे, त्यात काही वाद नाही. पण ते लेझर चालवायला ग्रिडमधून ओढले साधारण ३०० मेगाज्यूल. आपल्या युनिटमध्ये सांगायचं तर मीटरवर ८३ युनिट पडले आणि हातात एक युनिटसुद्धा नाही आलं, ३.१५ मेगाज्यूलमध्ये नऊएक लिटर पाणी उकळेल फार तर. शिवाय तिथे असा शॉट दिवसाला एखाद-दुसरा होतो, वीजकेंद्र करायचं तर सेकंदाला दहाएक हवेत, प्रत्येक वेळी नवी गोळी, नेम अचूक. नंतरचे शॉट आणखी चांगले गेलेत, पण ही दरी एवढी आहे की मी तरी वीजबिल भरत राहीन.

आता एआय नवीन पदार्थ शोधतं म्हणे, लाखांनी. मग शास्त्रज्ञ काय करणार?

तपासणार! नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने जाहीर केलं की त्यांच्या मॉडेलने २२ लाख क्रिस्टल रचना सुचवल्या, त्यातल्या ३ लाख ८० हजार सर्वात स्थिर असाव्यात असा अंदाज. त्याच वेळी बर्कलीतल्या एका रोबो-लॅबने सांगितलं की माणसाचा हात न लावता १७ दिवसांत ५८ पैकी ४१ पदार्थ बनवूनही दाखवले. मग काही केमिस्टांनी तो डेटा उकरला आणि म्हणाले, थांबा, यात नवीन काहीच दिसत नाही. त्यांचं म्हणणं असं की पदार्थ ओळखायला घेतलेले एक्स-रेचे पॅटर्न नीट वाचलेले नाहीत, आणि कित्येक ठिकाणी मॉडेलने अणूंच्या जागा ठरवून दिल्यात पण खऱ्या पदार्थात ते अणू एकमेकांच्या जागी कसेही बसलेले असतात, आणि तसा पदार्थ आधीपासून माहीत आहे. म्हणजे यादी भली मोठी, पण यादीत नाव आलं म्हणून वस्तू झाली असं नाही.

मग लोक म्हणतात प्रोटीनची घडी ओळखणारं अल्फाफोल्ड बनवणाऱ्यांना कसं नोबेल मिळालं, २०२४ चं, तेही एआयच ना. हो, पण तिथे एक फार छान सोय आधीपासून होती. प्रोटीनची घडी ओळखायची कॅस्प नावाची स्पर्धा १९९४ पासून दर दोन वर्षांनी होते, त्यात प्रयोगाने काढलेलं उत्तर दडवून ठेवतात, तुम्ही तुमचं उत्तर द्या, मग पडदा उघडणार. २०२० ला अल्फाफोल्ड असं सर्वांसमोर पास झालं, तिथे आपलेच पेपर आपणच तपासायचा प्रश्नच नव्हता. पदार्थांच्या बाबतीत असली झाकून ठेवलेली उत्तरपत्रिका अजून नीट नाहीये, माझ्या मते नव्या मॉडेलपेक्षा तीच जास्त हवीये, पण ती बनवण्यात कुणाला मिरवायला मिळत नाही.

रोमन लोकांचं काँक्रीट दोन हजार वर्षं टिकलं आणि त्याचं रहस्य सापडलं असं वाचलं. आपण तेच का नाही वापरत? आमची बिल्डिंग तीस वर्षांत गळायला लागली.

रहस्याचा एक भाग सापडला म्हणू. रोमन काँक्रीटमध्ये पांढरे खडे दिसतात, आधी लोकांना वाटायचं कामगारांनी नीट कालवलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये एमआयटीच्या अॅडमिर मॅसिक यांच्या टीमने मांडलं की ते आळशीपणाने राहिलेले नाहीत, कळीचा चुना तसाच गरमागरम मिसळल्याने ते तयार होतात, आणि पुढे भेग पडून पाणी आत शिरलं की त्या खड्यातला चुना विरघळून भेगेत जाऊन बसतो. त्यांनी तसं काँक्रीट बनवलं, मुद्दाम अर्ध्या मिलिमीटरची भेग पाडली, पाणी सोडलं, दोन आठवड्यांत पाणी वाहायचं थांबलं. चुना नसलेल्या तुकड्यात मात्र वाहतच राहिलं.

पण रोमनांनी आत सळई घातली नव्हती हो! पॅन्थिऑनचा घुमट ४३ मीटरचा, सळईविना, कारण आकारच असा की बहुतेक भार दाबाने खाली जातो. आपल्याला हवेत सपाट स्लॅब, पुढे निघालेल्या बाल्कन्या, बारीक कॉलम, तिथे ताण येतो आणि ताणाला काँक्रीट कच्चं, म्हणून सळई. सळईला पाणी लागलं की गंज, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. तुमच्या बिल्डिंगला बहुतेक हेच झालंय. स्वतः भेग भरणारं काँक्रीट त्यात मदत करेल, पाणीच आत गेलं नाही तर गंजही नाही, पण मूळ काम कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, नीट ठेवणं आणि काँक्रीट कालवताना पाणी कमी घालणं, ते आजही करता येतं, त्याला रोमन लागत नाहीत. आणि रोमनांचं जे पडलं ते आपल्याला दिसत नाही, हेही आहेच.

९८ टक्के ऊन परत फेकणारा पांढरा रंग निघालाय ना? छताला लावला की एसी विकून टाकू का?

विकू नका एवढ्यात. पर्ड्यू विद्यापीठाचा आहे तो, २०२१ चा, बेरियम सल्फेटचा, ९८.१ टक्के ऊन परतवतो, साधा पांढरा रंग ८० ते ९० च्या घरात असतो. शिवाय तो स्वतःची उष्णता ८ ते १३ मायक्रॉनच्या इन्फ्रारेडमध्ये फेकतो, त्या पट्ट्यात हवा जवळपास पारदर्शक असल्याने ती उष्णता थेट अवकाशात जाते, म्हणून भर उन्हातसुद्धा तो पृष्ठभाग आजूबाजूच्या हवेपेक्षा ४-५ अंशांनी गार मोजला गेला. हे खरं आहे आणि मला फार आवडलंय. पण दमट हवा किंवा ढग आले की तो पट्टा धूसर होतो, धूळ बसली की परावर्तन घटतं, आणि जिथे हिवाळा कडक तिथे घर आणखी गार पडतं. आणि मुख्य म्हणजे हा रंग छतापुरता, खिडकीतून येणारं ऊन आणि घरातल्या माणसांची-यंत्रांची उष्णता त्याला कशी कळणार? तुमच्या डोक्यावर थेट छत असेल तर फरक जाणवेल, तुम्ही तळमजल्यावर आणि वर चार मजले असतील तर वरच्यांना सांगा, त्यांनी लावावा.