माझा मुलगा टेक्ससमध्ये हायस्कूलच्या टीममध्ये वाइड रिसीव्हर आहे. तो कॉलेज फुटबॉल खेळू शकेल का, हे आम्ही कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ११वीत आहे, उंची ५ फूट १० इंच, वजन १६० पौंड, गेल्या सीझनला ५२ कॅच, ८४० यार्ड आणि ९ टचडाउन. हेड कोच 'गुड किड' म्हणतात आणि त्यापुढे काही बोलत नाहीत. कॅम्पची पत्रं येतायत, आणि तुम्हा दोघांनाही या अमेरिकन फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. मी डॅलसच्या उत्तरेला एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि टीमसाठी मॅचचे व्हिडिओ कापून देतो. रिसीव्हरांच्या कोचशेजारी बसून फिल्म बघण्यात माझे बरेच शनिवार जातात. त्या जोरावर सांगतो.

रिसीव्हर म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल पळत जाऊन पकडणारा. पण सगळ्यात आधी ते ५२ कॅच विसरा. टेक्ससमध्ये काही शाळा एका मॅचमध्ये ४० वेळा बॉल फेकतात, तर काही शाळा शुक्रवारची अख्खी रात्र बॉल हातात घेऊन पळण्यातच काढतात. तोच मुलगा दुसऱ्या शाळेत असता तर १५ कॅच झाले असते, आणि त्याच्या कुवतीत तसूभर फरक पडला नसता. कॉलेजचे कोच आकड्यांवर नजर टाकतात, पण खरं विचारतात ते हे की समोर कोण होतं. ज्या कॉर्नरला, म्हणजे रिसीव्हरला अडवणाऱ्या खेळाडूला, स्वतःलाच कॉलेजांची बोलावणी आलीत त्याच्यासमोर ४ कॅच घेणं आणि ढिल्या टीमविरुद्ध १० कॅच घेणं, यात पहिल्याला कितीतरी जास्त भाव आहे.

म्हणून एक काम करा. सीझनमधली अशी एक मॅच निवडा जिच्यात समोरची टीम तगडी होती, शक्यतो तुम्ही हरलेली. मुलाच्या हडल (मॅचचे व्हिडिओ ठेवायची साइट) खात्यावर ती पूर्ण सापडेल. हायलाइट नको, पूर्ण मॅच. ती बघताना बॉलकडे अजिबात बघायचं नाही, फक्त पोराकडे बघायचं. आई-बापाला हे अवघड जातं, कारण आपण टाळ्या वाजवायला बसलेलो असतो. पण ६० प्ले, म्हणजे बॉल सुटल्यापासून थांबेपर्यंतचे डाव, झाले तर बॉल त्याच्याकडे येणार ७-८ वेळा. उरलेल्या ५० वेळा तो काय करतो, त्यातच तुमचं उत्तर आहे.

पहिली गोष्ट, सुटका. कॉर्नर कधी सात-आठ यार्ड मागे उभा असतो, तर कधी थेट तोंडासमोर येऊन पहिल्याच पावलाला छातीवर हात ठेवून अडवतो. याला प्रेस म्हणतात. इथे रिसीव्हरचं काम कबड्डीतल्या चढाई करणाऱ्यासारखं असतं: खांदे एकीकडे दाखवायचे, पाय दुसरीकडे न्यायचे आणि अंगाला हात लागू द्यायचा नाही. हायस्कूलमध्ये बरेच कोच पोरं मागे पडतील या भीतीने प्रेस कमी वापरतात. त्यामुळे असं होतं की पोराने सीझनभर मोकळ्या रस्त्यावर रूट (आधी ठरवलेल्या पळण्याच्या वाटा) पळलेले असतात आणि प्रेसमधून सुटायचं कसं हे त्याला माहीतच नसतं. कॉलेजात तेच पहिल्या दिवशी समोर येतं. फिल्ममध्ये प्रेसचे जेवढे प्ले सापडतील तेवढे वेगळे काढा. ५-६ असले तरी चालतील. त्यांत तो तीन-चार यार्डांतच साइडलाइनकडे ढकलला जातोय का, की कॉर्नरच्या खांद्याला खांदा लावून पुढे निघतोय?

दुसरी गोष्ट, वळण. माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच कळतं, आणि खेळ न कळणाऱ्यालाही हे दिसतं. समजा कर्ल रूट आहे: १२ यार्ड जोरात पळायचं, अचानक थांबायचं आणि क्वार्टरबॅककडे वळायचं. फिल्म हळू करा आणि थांबायला त्याला किती पावलं लागतात ते मोजा. कच्चा रिसीव्हर आठव्या यार्डापासूनच अंग सरळ करायला लागतो, पाच-सहा बारीक पावलं टाकत वेग मारतो, आणि कॉर्नरला चाहूल लागते. तयार रिसीव्हरची छाती शेवटपर्यंत पुढे झुकलेली असते, जणू तो अजून लांब पळणार आहे. मग कंबर खाली जाते, तीन पावलांत ब्रेक लागतो आणि कॉर्नर दोन यार्ड पुढे निघून गेलेला असतो. त्या दोन यार्डांसाठीच कॉलेजं पैसे मोजतात. हे शिकवता येतं, ही चांगली बातमी. वाईट बातमी अशी की शिकवायला हायस्कूलमध्ये वेळ फार कमी मिळतो, म्हणून ज्याने ते स्वतःहून कमावलंय तो उठून दिसतो.

हातांचं थोडक्यात. कॅच मोजू नका. दोन्ही हातांना लागून सुटलेले बॉल मोजा. तो बॉल तळहातांनी अंगापासून दूर पकडतो की छातीवर कवटाळतो, तेही बघा. छातीवर घेणाऱ्याच्या आणि बॉलच्या मध्ये कॉर्नरचा हात सहज शिरतो.

आणि ब्लॉकिंग. हे वाचून तुम्हाला कंटाळा येईल, पण आमचे कोच फिल्म लावली की आधी टीम बॉल हातात घेऊन पळतेय असेच प्ले बघतात. बॉल दुसऱ्या बाजूला चाललाय, आपल्या पोराला त्यात काही काम नाही, आणि तरी तो आपल्या कॉर्नरला धरून ठेवतोय? की कमरेवर हात ठेवून मजा बघतोय? कॉलेजात पहिल्या वर्षी मैदानावर उतरायचं तर स्पेशल टीम्समधून, म्हणजे किकच्या प्लेमध्ये जीव तोडून पळण्यातून. ज्याला ब्लॉक करायचा कंटाळा आहे त्याला तिथे कोणी घेत नाही.

आता वेग. ४० यार्डांची वेळ हा या धंद्यातला सगळ्यात मोठा गप्पांचा विषय आहे. स्टॉपवॉच हातात घेऊन कोच किंवा बाबा वेळ घेतात तेव्हा ती विजेच्या यंत्रापेक्षा साधारण दोन दशांश सेकंद कमी येते. नावाजलेला रिसीव्हर कूपर कप एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) कम्बाइनमध्ये, म्हणजे निवडीआधीच्या चाचणीत, ४.६२ सेकंदांत पळाला होता. हायस्कूलच्या प्रोफाइलवर मात्र दर दुसरा मुलगा ४.४ चा असतो! म्हणून टेक्ससला येणारे कॉलेज कोच सरळ विचारतात, 'ट्रॅकला पळतो का?' ट्रॅक मीटमधली १०० मीटरची वेळ यंत्राने घेतलेली असते, नोंदलेली असते, तिच्यावर वाद नसतो. मुलगा ट्रॅकला नसेल तर या वसंतात घाला. ११ सेकंदांच्या आत आला तर मोठ्या कॉलेजांचे कान टवकारतात. ११.३-११.४ असेल तर आशा सोडायचं कारण नाही, पण मग वळणं आणि हात अव्वल हवेत.

उंचीचं काही करता येत नाही. ५ फूट १० ला बाहेरच्या बाजूचा रिसीव्हर म्हणून वरची कॉलेजं सहसा घेत नाहीत. आतल्या बाजूला, स्लॉटमध्ये घेतात. डॅलसजवळच्या लिटल एल्मचा कोल बीझली ५ फूट ८ इंचांचा. हायस्कूलमध्ये तो क्वार्टरबॅक होता, डॅलसच्या एसएमयू कॉलेजात रिसीव्हर झाला, आणि ड्राफ्टमध्ये (एनएफएल टीम कॉलेजच्या खेळाडूंना निवडतात तेव्हा) कोणी निवडला नाही तरी एनएफएलच्या डॅलस काउबॉइजकडून वर्षानुवर्षं खेळला. तेव्हा मुलाला स्लॉटमधून खेळता येतं हे फिल्ममध्ये दिसायला हवं. वजन मात्र वाढतं. हाडापेराने रुंद आहे का, अजून दाढीमिशी नीट फुटायची आहे का, हे कोच बघतात. आई-बापांना भेटतात तेव्हा हळूच त्यांच्याही उंचीचा अंदाज घेतात. १६० चा १८० होईल असं वाटलं तर आजच्या १६० ने फारसं बिघडत नाही.

आता मूळ प्रश्न. 'कॉलेजमध्ये खेळू शकेल का' याचं उत्तर हो किंवा नाही असं नसतं. कुठल्या पातळीवर, हे विचारायला हवं. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या दर १०० मुलांपैकी साधारण ७ जण एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) कुठल्या ना कुठल्या टीममध्ये जातात, आणि डिव्हिजन १ मध्ये जेमतेम ३. डिव्हिजन १ चेही दोन भाग आहेत: टीव्हीवर दिसतात ती एफबीएस कॉलेजं. त्याखाली एफसीएस, मग डिव्हिजन २, तिथे ३६ शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम अख्ख्या टीममध्ये वाटली जाते, त्यामुळे बहुतेकांना अर्धीमुर्धीच मिळते. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नाहीच. खालची पातळी म्हणजे कमी प्रतीचा खेळ असं समजू नका. कूपर कपला एकाही एफबीएस कॉलेजने शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. तो ईस्टर्न वॉशिंग्टन या एफसीएस कॉलेजात गेला आणि पुढे २०२१ च्या सीझनमध्ये १४५ कॅच, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन करून तिन्हींत एनएफएलमध्ये पहिला आला.

पण हवा अलीकडे बदललीय, आणि हे तुम्हाला माहीत असायला हवं. ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आल्यापासून कॉलेजच्या कोचला १७ वर्षांच्या पोरावर पैज लावण्याऐवजी दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं खेळलेला, २१ वर्षांचा तयार गडी घेता येतो. त्यातच २०२५ पासून, खेळाडूंना थेट पैसे देण्याची नवी व्यवस्था ज्या कॉलेजांनी स्वीकारली, त्यांच्या टीमवर १०५ खेळाडूंची मर्यादा आली. पूर्वी शिष्यवृत्तीवाल्या ८५ जणांच्या मागे स्वखर्चाने येणारे वॉक-ऑन भरपूर असायचे. हंटर रेनफ्रो असाच क्लेम्सनला आला होता, आणि जानेवारी २०१७ च्या राष्ट्रीय अंतिम मॅचमध्ये १ सेकंद उरला असताना अलाबामाविरुद्ध जिंकून देणारं टचडाउन त्याने केलं. तो दरवाजा आता बराच अरुंद झालाय. लोक तुम्हाला रेनफ्रोची गोष्ट सांगतील. ऐका आणि सोडून द्या.

तुमचे आकडे आणि उंची बघता, फिल्म न बघता, माझा अंदाज डिव्हिजन २ किंवा ३ चा आहे. ट्रॅकची वेळ ११ च्या आत आली तर एफसीएसचा विचार करता येईल. हे ऐकून निराश होऊ नका, विशेषतः मुलाचे मार्क चांगले असतील तर. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो यांच्या टीम डिव्हिजन ३ मध्येच खेळतात. इथे टेक्ससमध्ये सॅन अँटोनियोची ट्रिनिटी आहे, आणि बेल्टनचं मेरी हार्डिन-बेलर २०१८ आणि २०२१ ला डिव्हिजन ३ चं राष्ट्रीय विजेतं होतं. तिथला कोच हुशार मुलासाठी प्रवेशाच्या ऑफिसात शब्द टाकू शकतो, आणि मार्कांवर किंवा उत्पन्नावर मिळणारी मदत कधी कधी डिव्हिजन २ च्या अर्ध्या शिष्यवृत्तीपेक्षा जास्त भरते. आपल्या मराठी मंडळातल्या पालकांना हा रस्ता माहीतच नसतो. 'शिष्यवृत्ती नाही' एवढं ऐकून ते पान उलटतात.

डिव्हिजन १ ची आशा ठेवायची असेल तर अभ्यासाचं एक बघून ठेवा: ठरलेले १६ कोअर कोर्स आणि त्यांत किमान २.३ जीपीए (मार्कांची सरासरी) लागतो, आणि १६ पैकी १० कोर्स १२वी सुरू व्हायच्या आत पुरे व्हावे लागतात. शाळेच्या काउन्सेलरकडून याच महिन्यात तपासून घ्या.

कॅम्पच्या पत्रांबद्दल. मुलाचं नाव छापलेलं पत्र आलं म्हणजे कॉलेजला तो हवाय असं नाही. ती पत्रं घाऊक जातात, कॅम्प हा कॉलेजच्या स्टाफचा कमाईचा भाग आहे. खरा रस असतो तेव्हा रिसीव्हरांचे कोच स्वतः मेसेज करतात, शाळेत येतात, तुमच्या कोचला फोन करतात. जूनमध्ये दोन-तीनच कॅम्प निवडा, तेही ज्या पातळीवर तो बसेल त्याच कॉलेजांचे, आणि जायच्या आधी तिथल्या रिसीव्हर कोचला फिल्म पाठवून ठेवा. तीन मिनिटांची पुरे. सगळ्यात चांगले प्ले पहिल्या अर्ध्या मिनिटात, त्यात प्रेसमधून सुटलेला एक, ब्लॉकचा एक, आणि सोबत पूर्ण मॅचची लिंक. गाणं लावू नका, कोच आवाज बंद करूनच बघतात. 'तुमच्या मुलाला कॉलेज मिळवून देतो' म्हणणाऱ्या कंपन्यांना पैसे देऊ नका. ते करतात ते सगळं मुलगा स्वतः ईमेलवर करू शकतो, आणि कोचलाही मुलाचीच ईमेल आवडते, बापाची नाही.

शेवटी तुमच्या हेड कोचकडे जा, पण 'माझा मुलगा कसा आहे' असं विचारू नका. त्याला 'गुड किड'च उत्तर येणार. टेक्ससमधला कोच आई-बापाशी याहून जास्त बोलत नाही, आणि त्याची कारणं त्याने भोगलेली असतात. असं विचारा: 'कोच, याच्यासाठी तुम्ही स्वतः कुठल्या कॉलेजांना फोन कराल?' फोन करताना त्यांचा स्वतःचा शब्द पणाला लागतो, त्यामुळे तिथे ते उगाच गोड बोलत नाहीत. त्यांनी तीन कॉलेजांची नावं घेतली तर ती लिहून घ्या आणि घरी येऊन त्या कॉलेजांच्या टीमच्या यादीत रिसीव्हरांची उंची, वजन आणि कितवं वर्ष ते बघा. पुढच्या वर्षी कोण पास होऊन जातंय आणि किती जागा रिकाम्या होतायत हेही त्याच यादीत दिसेल.